शेड्यूलिंगचं संशोधन: छापखाना, प्रोसेसर, ओटी, परीक्षा, रेल्वे, ऊसतोड. गणित एकच, मग उत्तरं वेगळी का?

गँटराव (मूळ धागा)

कामं खूप, साधनं मोजकी, प्रत्येक कामाला वेळ लागतो. कोणतं काम कुठे आणि केव्हा करायचं? या एका प्रश्नावर उत्पादन अभियांत्रिकी, संगणकशास्त्र, वैद्यकीय व्यवस्थापन, वाहतूक आणि शिक्षण या शाखा गेली सत्तर वर्षं आपापल्या मासिकांत लिहीत आल्या आहेत, आणि एकमेकांचं वाचण्याची त्यांना फारशी सवय नाही. इथे वेगवेगळ्या क्षेत्रांतली जाणकार मंडळी आहेत, म्हणून धागा काढतोय. मी कारखान्याच्या बाजूने सुरुवात करतो.

१९७९ साली ग्रॅहम, लॉलर, लेन्स्ट्रा आणि रिनोय कान यांनी तीन रकान्यांची मांडणी रूढ केली. पहिल्या रकान्यात साधनं: एक मशीन, समांतर मशीनं, एकापाठोपाठ एक मशीनं. दुसऱ्यात अटी: अमुक काम तमुकाआधी, माल सकाळी नऊआधी येत नाही, काम मधे सोडता येतं की नाही. तिसऱ्यात उद्दिष्ट. सगळी गंमत तिसऱ्या रकान्यात आहे.

एक मशीन, तीन कामं घ्या. पहिलं ८ तासांचं, वायदा नवव्या तासाचा. दुसरं २ तासांचं, वायदा बाराव्या तासाचा. तिसरं ३ तासांचं, वायदा तेराव्या तासाचा. लहान काम आधी घेतलं तर कामं २, ५ आणि १३ व्या तासाला संपतात. सरासरी ६.६७ तास, पण मोठं काम वायद्याहून ४ तास उशिरा. वायद्याच्या क्रमाने घेतलं तर ८, १०, १३. सरासरी १०.३३, उशीर कोणालाच नाही. दोन्ही क्रम आपापल्या उद्दिष्टाला सर्वोत्तम आहेत आणि दोन्हींना सिद्धता आहे. जास्तीत जास्त उशीर कमी करायचा असेल तर जॅक्सनचा वायदाक्रम (१९५५). भारित सरासरी कमी करायची तर स्मिथचा नियम (१९५६): वेळ भागिले महत्त्व, लहान गुणोत्तर आधी. उशीर झालेल्या कामांची संख्या कमी करायची तर मूर (१९६८): वायद्याच्या क्रमाने लावत जा, एखादं काम वायदा चुकवायला लागलं की तोवर लावलेल्यांतलं सगळ्यात लांब काम उचलून शेवटी टाका.

दोन टप्पे आले की जॉन्सन (१९५४). छापखान्यात पाच पुस्तकं आहेत, आधी छपाई मग बांधणी. तास असे: अ ३ आणि ६, ब ५ आणि २, क १ आणि २, ड ६ आणि ६, इ ७ आणि ५. ज्यांची छपाई बांधणीपेक्षा लहान किंवा बरोबर (क, अ, ड) ती आधी, छपाईच्या चढत्या क्रमाने. उरलेली (इ, ब) नंतर, बांधणीच्या उतरत्या क्रमाने. क-अ-ड-इ-ब या क्रमाने सगळं २४ तासांत संपतं. आली तशी अ-ब-क-ड-इ घेतली तर २७. आणि २४ च्या खाली जाणं शक्यच नाही: छपाई एकूण २२ तासांची, आणि शेवटच्या पुस्तकाची बांधणी किमान २ तासांची.

मुद्दा असा की 'एकूण लवकरात लवकर संपवा' हे उद्दिष्ट संशोधनात सर्वाधिक वापरलं गेलंय, कारण ते गणिताला सोयीचं आहे. वरच्या क्रमात ब शेवटी, २४ व्या तासाला मिळतो. त्याचं प्रकाशन विसाव्या तासाला असेल तर जॉन्सनला त्याची खबरही नसते.

उगाचच

तीन मशीनं झाली तर?

गँटराव

नियम संपतात. गॅरी, जॉन्सन (हा वेगळा जॉन्सन) आणि सेठी यांनी १९७६ मध्ये दाखवलं की तीन मशीनांच्या फ्लो शॉपला (सगळी कामं त्याच क्रमाने मशीनांवरून जातात तो प्रकार) कामांची संख्या वाढली तरी वेगाने चालेल अशी अचूक रीत मिळण्याची आशा जवळपास नाही. प्रत्यक्षात चालतं ते नवाझ, एन्स्कोर आणि हॅम यांचं १९८३ चं तंत्र. सगळ्या टप्प्यांची बेरीज करून कामं उतरत्या क्रमाने लावा. पहिली दोन घेऊन चांगला क्रम ठरवा. मग एकेक काम आधीच्या क्रमात प्रत्येक फटीत घालून बघा आणि जिथे एकूण वेळ सगळ्यात कमी येतो तिथे ठेवा. पुढे काम आलं तरी आधीच्यांचा आपसातला क्रम बदलायचा नाही. स्प्रेडशीटमध्ये होतं, आणि गंभीर संशोधनातही आरंभाचं उत्तर म्हणून हेच घेतात.

प्रत्येक कामाचा मशीनक्रम वेगळा असेल तर तो जॉब शॉप. फिशर आणि थॉम्पसन यांनी १९६३ मध्ये दहा कामं, दहा मशीनं असा एक प्रश्न छापला. फक्त शंभर क्रिया. कमीत कमी एकूण वेळ ९३० एकक आहे हे कार्लिए आणि पिन्सन यांनी सिद्ध करेपर्यंत १९८९ उजाडलं. आज मोफत सॉल्व्हर (अटी आणि उद्दिष्ट दिलं की उत्तर शोधणारं सॉफ्टवेअर) तो काही सेकंदांत सोडवतो.

कर्नलवाला

धागा आवडला. संगणकाच्या बाजूने भर.

ग्रॅहमने १९६६ मध्ये समांतर प्रोसेसरांबद्दल जे दाखवलं ते प्रत्येक शाखेत पहिल्या दिवशी शिकवायला हवं. साधा नियम घ्या: एक यादी आहे, जो प्रोसेसर मोकळा होईल त्याने यादीतलं पहिलं तयार काम उचलायचं. नऊ कामं, वेळा ३, २, २, २, ४, ४, ४, ४, ९. अटी: नववं काम पहिल्यानंतरच, आणि पाचवं ते आठवं चौथ्यानंतरच. तीन प्रोसेसरांवर हे १२ एककांत संपतं.

आता 'सुधारणा' करू. चौथा प्रोसेसर द्या: १५ लागतात. त्याऐवजी प्रत्येक काम एका एककाने लहान करा: १३. किंवा चौथ्यानंतरच पाचवं आणि सहावं ही अट काढा: १६. साधन वाढवलं, काम घटवलं, अट सैल केली, आणि तिन्ही वेळा शेवट लांबला.

कारण कागदावर मांडलं की लगेच दिसतं. मूळ मांडणीत नवव्या, ९ एककांच्या कामाला तिसऱ्या क्षणी प्रोसेसर मिळतो, कारण तेव्हा पाच ते आठ अजून अडलेली असतात. चौथा प्रोसेसर आला की चौथं काम लवकर संपतं, त्यामुळे पाच, सहा, सात, आठ ही सगळी यादीत वर असल्याने आधी घुसतात आणि नववं सहाव्या क्षणापर्यंत ताटकळतं. ६ अधिक ९, पंधरा. 'मोकळा आहेस ना, मग काहीतरी उचल' या लोभी नियमाचा हा दोष आहे. पण त्याला मर्यादाही आहे: म प्रोसेसर असतील तर यादीचा नियम सर्वोत्तमाच्या (२ − १/म) पटीच्या वर जात नाही. कामं एकमेकांवर अवलंबून नसतील आणि लांब काम आधी उचललं तर ती पट (४/३ − १/३म) वर येते. म्हणून ज्याच्या मागे लांब साखळी आहे ते काम यादीत वर ठेवा. वरच्या उदाहरणात नववं काम सर्वात वर नेलं तर चार प्रोसेसरांवरही १२ मिळतात. करून बघा.

रिअल-टाइमचा तिसरा रकाना आणखी वेगळा. तिथे सरासरीला किंमत नाही, वायदा चुकला की खेळ खल्लास. ल्यू आणि लेलँड (१९७३): ज्या कामाची आवर्तनं जास्त जवळजवळ, त्याला जास्त अग्रक्रम असं स्थिर ठरवलं, तर दोन कामांसाठी ८२.८ टक्के भारापर्यंत (भार म्हणजे प्रोसेसरच्या वेळेतला कामांना लागणारा वाटा), तीनसाठी ७८.० टक्के आणि कितीही कामांसाठी साधारण ६९.३ टक्के भारापर्यंत हमी मिळते. जवळचा वायदा आधी हा बदलता अग्रक्रम वापरला तर १०० टक्क्यांपर्यंत. उदाहरण: दर ५ मिलिसेकंदांना २ लागणारं काम आणि दर ७ ला ४ लागणारं. भार ९७.१ टक्के. स्थिर अग्रक्रमात दुसऱ्याला स्वतःचे ४ अधिक पहिल्याच्या दोन आवर्तनांचे ४ असे ८ लागतात आणि ७ चा वायदा हुकतो. वायदाक्रमात दोन्ही बसतात.

तरी विमान, गाडी अशा ठिकाणी स्थिर अग्रक्रमच जास्त का? भार शंभराच्या वर गेला की वायदाक्रमात कोण बुडेल हे आधी सांगता येत नाही, एकामागून एक सगळेच वायदे कोसळू शकतात. स्थिर अग्रक्रमात बुडणारा ठरलेला असतो: सगळ्यात खालचा.

आणि सामायिक कुलूप विसरू नका, म्हणजे एका वेळी एकाच कामाने वापरायच्या साधनावरचं कुलूप. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान वारंवार रीसेट होत होतं. हवामानाची नोंद घेणारं खालच्या अग्रक्रमाचं काम कुलूप धरून बसायचं, मधल्या अग्रक्रमाची कामं त्याला चालू देत नसत, आणि त्या कुलपासाठी थांबलेलं वरचं काम वेळ चुकवायचं. उपाय शा, राजकुमार आणि लेहोत्स्की यांच्या १९९० च्या लेखात होता: ज्याच्याकडे कुलूप आहे त्याला थांबलेल्याचा अग्रक्रम तात्पुरता द्या. ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ती सोय होतीच, त्या कुलपावर बंद ठेवलेली होती. पृथ्वीवरून ती चालू केली.

ओटी_नंबर_दोन

वरच्या सगळ्या गणितात कामाचा वेळ माहीत आहे असं धरलंय. ऑपरेशन थिएटरमध्ये तोच माहीत नसतो, आणि आमची सगळी डोकेदुखी तिथून सुरू होते.

शस्त्रक्रियेच्या वेळा लॉग-नॉर्मल धाटणीच्या असतात: बहुतेक केस ठरल्या वेळेच्या आसपास, काही मात्र खूप लांबतात. सरासरीने यादी लावली तर निम्म्याहून जास्त केस लवकर संपतील आणि तरीही संध्याकाळी ओव्हरटाइम होईल. नियोजनासाठी त्याच सर्जनच्या, त्याच प्रक्रियेच्या मागच्या नोंदी घ्या आणि मध्यक व वरचा शतमक (बहुतेक केस ज्या वेळेत संपतात ती वेळ) दोन्ही काढा. वेळ चाकू लावल्यापासून टाके घालेपर्यंत मोजू नका. पेशंट आत आल्यापासून बाहेर जाईपर्यंत मोजा, भूल देण्याचा आणि उतरण्याचा वेळ त्यात येतो. दोन केसमधली सफाई आणि ट्रॉली लावणं हे वेगळं काम म्हणून धरा.

क्रमाबद्दल: जिच्या वेळेत चढउतार कमी ती केस आधी, असा डेंटन आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या अभ्यासाचा कल आहे. सकाळची केस लांबली तर तिचा उशीर मागच्या सगळ्यांच्या अंगावर येतो, दुपारची लांबली तर एक-दोघांच्याच. पण यादी फक्त यावर ठरत नाही. लहान मुलं आणि मधुमेही आधी, कारण उपाशी ठेवायचं असतं. सेप्टिक (जंतुसंसर्गाच्या) केस शेवटी. सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र) एकच असेल तर दोन टेबलांवरच्या हाडांच्या केस एका वेळी येऊ नयेत. तुमच्या भाषेत हा सगळा दुसरा रकाना.

आणि अडणारी जागा बहुतेकदा ओटी नसतेच. आयसीयूची खाट नसली की टेबल मोकळं असूनही केस सुरू होत नाही. सोमवारी-मंगळवारी मोठ्या केस गोळा झाल्या की बुधवारी खाटा संपतात आणि शुक्रवारी रिकाम्या राहतात. अशा ठिकाणी दिवसाचा क्रम कितीही घासूनपुसून लावा, फायदा नाही. कोणत्या युनिटला आठवड्यात कोणता दिवस, हा वरचा तक्ता बदलावा लागतो.

ओपीडीचं थोडक्यात: बेली आणि वेल्च यांनी १९५२ मध्येच सांगितलं की पहिल्या दोघांना सुरुवातीची वेळ द्या आणि पुढे सरासरी तपासणीच्या अंतराने एकेकाला. डॉक्टर रिकामा बसत नाही आणि रांगही आवरते. सगळ्यांना सकाळी नऊलाच बोलावण्याची आपल्याकडची रीत म्हणजे डॉक्टरच्या वेळेला अपार आणि पेशंटच्या वेळेला शून्य भार देणं.

कर्नलवाला

@ओटी_नंबर_दोन, लांब काम आधी हा नियम तुमच्याकडे उलटा का पडतो? मोठी केस सकाळी घेतली तर ओव्हरटाइमचा धोका कमी नको का व्हायला?

ओटी_नंबर_दोन

एकाच टेबलावर सगळ्या केस करायच्याच असतील तर क्रमाने दिवसाचा शेवट जवळपास हलत नाही, बेरीज तीच. क्रमाने हलतं ते मधलं थांबणं आणि टेबलाचं रिकामं राहणं, कारण पेशंट आणि सर्जन ठरल्या वेळेआधी हजर नसतात. तुमचा नियम अनेक टेबलांत केस वाटायला लागू पडतो: लांब केस आधी टेबलांना वाटून घ्या, लहानांनी फटी भरा. वाटणी लांबीवर आणि क्रम चढउतारावर. शिवाय तिसरा पर्याय असतो, शेवटची केस रद्द करण्याचा. त्याची किंमत लेखांत आकडा म्हणून येते, वॉर्डात उपाशी बसलेला माणूस म्हणून येत नाही.

परीक्षा विभाग

आमच्याकडे कामाचा वेळ पक्का, पेपर तीन तासांचा. मशीनही भरपूर, म्हणजे वर्ग. तरी अवघड, कारण दुसरा रकाना राक्षसी आहे.

परीक्षेचं वेळापत्रक म्हणजे आलेखाचं रंगकाम. प्रत्येक विषय एक बिंदू, एकही विद्यार्थी सामायिक असलेल्या दोन विषयांत रेघ, रंग म्हणजे सत्र. जोडलेल्या बिंदूंना एक रंग नको. वेल्श आणि पॉवेल यांची १९६७ ची रीत: जास्त रेघा असलेला बिंदू आधी रंगवा. ब्रेलाझची १९७९ ची सुधारणा बरी: ज्याच्या शेजाऱ्यांनी सर्वाधिक वेगवेगळे रंग आधीच अडवलेत तो पुढचा, बरोबरी झाली तर जास्त रेघांचा. फक्त नियमित विद्यार्थी असते तर एका शाखेच्या एका सत्राचे पाच-सहा विषय आपसात जोडलेले आणि बाकी सगळं मोकळं, अर्ध्या तासाचं काम.

एटीकेटी (मागचे विषय राहिले तरी पुढच्या सत्रात जाण्याची सवलत) आली की चित्र बदलतं. पाचव्या सत्राचे सहा पेपर देणाऱ्याचे तिसऱ्या सत्राचे दोन राहिले असतील तर ते आठही विषय एकमेकांशी जोडले जातात, म्हणजे किमान आठ सत्रं. असे शेदोनशे विद्यार्थी वेगवेगळ्या जोड्या घेऊन आले की जवळपास प्रत्येक विषय प्रत्येकाला चिकटतो. म्हणून पहिलं पाऊल सॉल्व्हर नव्हे: परीक्षा अर्जांवरून विषय-विषय तक्ता काढा, प्रत्येक चौकटीत सामायिक विद्यार्थ्यांची संख्या. ज्या चौकटीत १ किंवा २ आहे त्या वेगळ्या करा. या रेघा पाळायच्या की त्या विद्यार्थ्यांची वेगळी सोय करायची, हा निर्णय परीक्षा मंडळाचा आहे. तो आधी घेतला नाही तर वेळापत्रक आठवडाभर लांबतं.

इथलं संशोधन शिस्तीचं आहे. कार्टर, लापोर्ट आणि ली यांचा १९९६ चा टोरंटो संच (पद्धती तपासायचे नमुना प्रश्न), त्यात लागोपाठच्या सत्रांत पेपर आले तर दंड १६, एक सत्र सोडून ८, मग ४, २, १, आणि बेरीज भागिले एकूण विद्यार्थी. सगळे याच मापाने तुलना करतात. पण हा दंड रात्रीला ओळखत नाही. सोमवारचं दुपारचं सत्र आणि मंगळवारचं सकाळचं लागोपाठ धरलं जातं, तसंच एकाच दिवशीचं सकाळ-दुपार. विद्यार्थ्याला या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. वापरायचं असेल तर सत्रांचा क्रमांक न घेता तासांतलं अंतर घ्या.

उगाचच

क्रिकेटचं वेळापत्रक यात येतं का?

गँटराव

येतं. आठ संघ, प्रत्येकाची प्रत्येकाशी एक लढत: ७ फेऱ्या, २८ सामने. लागोपाठ दोनदा घरी किंवा दोनदा बाहेर खेळणं म्हणजे एक खंड. न संघ असतील तर किमान न − २ खंड येतातच, हे द वेरा यांनी दाखवलं; आठ संघांना सहा. प्रवासाचं अंतर घातलं की ईस्टन, नेमहाउझर आणि ट्रिक यांचा २००१ चा प्रश्न, जो दहा-बारा संघांतच सॉल्व्हरला घाम फोडतो.

रुळावरचा

रेल्वेचं संशोधन युरोपात चक्री वेळापत्रकावर उभं आहे. सेराफिनी आणि उकोविच (१९८९) यांची मांडणी: तासाचं घड्याळ गोल, प्रत्येक अट दोन घटनांमधल्या अंतराची आणि अंतर ६० च्या घड्याळात मोजायचं. एक गाडी ५२ व्या मिनिटाला येते, जोडगाडी ३ ऱ्या मिनिटाला सुटते. अंतर ३ − ५२ + ६०, म्हणजे ११. बदलायला ४ ते १२ मिनिटं हवी असतील तर अट पाळली. एकेक अट क्षुल्लक आहे. त्रास होतो तो जाळ्यात गोल फेरी मारून परत आल्यावर सगळ्यांची बेरीज ६० च्या पटीत यावी लागते याचा. बर्लिन मेट्रोचं २००५ चं वेळापत्रक असं गणिताने काढलं होतं. डिसेंबर २००६ मध्ये नेदरलँड्सने अख्ख्या देशाचं वेळापत्रक नव्याने लावलं आणि ऑपरेशन्स रिसर्चमधलं २००८ चं एडेलमन पारितोषिक मिळवलं.

आपल्याकडे लांब पल्ल्याचं वेळापत्रक चक्री नाही, त्यामुळे ते मॉडेल जसंच्या तसं बसत नाही. आयआयटी मुंबईच्या मदतीने रेल्वेने २०२० च्या सुमारास शून्यापासून वेळापत्रक मांडण्याचं काम हाती घेतलं, ते म्हणूनच वेगळ्या धाटणीचं आहे.

सर्वात उपयोगी संशोधन मात्र जादा वेळ कुठे ठेवायचा यावरचं. क्रून आणि सहकाऱ्यांचा निष्कर्ष: मार्गभर सारख्या प्रमाणात वाटू नका. अगदी सुरुवातीला ठेवलेला वेळ वाया, कारण उशीर अजून झालेलाच नसतो. अगदी शेवटी ठेवलेला मधल्या स्थानकांच्या कामाचा नाही. आपल्या वेळापत्रकात इंजिनिअरिंग आणि ट्रॅफिक अलाउन्स बऱ्याचदा शेवटच्या स्थानकाआधी किंवा विभागाच्या हद्दीवर साठवलेला असतो. म्हणून गाडी दिवसभर तासभर उशिरा धावते आणि शेवटच्या दहा किलोमीटरला चाळीस मिनिटं असल्याने जवळपास वेळेवर पोचते. वक्तशीरपणा शेवटच्या स्थानकावर मोजला तर हा पूर्णपणे शहाणपणाचा निर्णय आहे. पुन्हा तुमचा तिसरा रकाना.

एसटीसाठी एक वाक्य: एकाच आगारातून कमीत कमी गाड्यांत सगळ्या फेऱ्या बसवणं सोपं, जाळ्यातल्या प्रवाहाचा प्रश्न म्हणून अचूक सुटतं, अनेक आगारं आणि 'गाडी आपल्याच आगारात परत' ही अट आली की अवघड. मुक्कामी गाड्यांमुळे गाडी सकाळी निघते तिथे रात्री नसते, म्हणून दिवसाचं नियोजन न करता दोन दिवसांची साखळी जुळवावी लागते.

उतारा साडेअकरा

ऊसतोड कोणीच घेतली नाही, म्हणून मी घेतो. वरचे सगळे प्रश्न एकत्र भेटायचे असतील तर साखर कारखान्याचा तोडणी कार्यक्रम बघा.

मशीन एक: कारखाना. दिवसाला ५,००० टन गाळप म्हणजे तासाला सुमारे २०८ टन, चोवीस तास. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांत १६ टन धरले तर तासाला १३ खेपा हव्यात. तोड उजेडी होते. समजा वाहनं चौदा तासच येतात, तर उरलेल्या दहा तासांसाठी यार्डात २,००० टनांवर ऊस उभा हवा. तो कमी पडला की 'नो केन', आणि बॉयलर थंड करून पुन्हा चालवणं महागात जातं. जास्त उभा राहिला तर वजन आणि साखर दोन्ही घटतात. तोडल्यापासून चोवीस तासांत गाळप व्हावं असं सांगतात ते यासाठी. म्हणजे रसायन उद्योगात ज्याला मधे न थांबवता पुढचा टप्पा म्हणतात तीच अट, फक्त थोडी सैल.

कामाची तयारी तारखेवर: आडसाली जुलै-ऑगस्टची लागण, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरची, सुरू जानेवारी-फेब्रुवारीची, आणि खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला). खोडवा लागणीच्या उसाआधी पक्व होतो. जातींपैकी कोसी ६७१ लवकर तयार होतो, को ८६०३२ नंतर. उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) हंगामाच्या सुरुवातीला कमी, थंडीत चढतो, उन्हाळ्याकडे उतरतो. प्रत्येक प्लॉटला आपला डोंगर आहे आणि शिखरावर तोडला तर साखर जास्त. पण सगळ्यांचं शिखर एकाच दीड महिन्यात येतं आणि गाळपक्षमता तेवढीच. कोणाचा प्लॉट शिखरापासून किती दूर ढकलायचा, हाच प्रश्न.

ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या राष्ट्रीय संशोधन संस्थेच्या हिगिन्स यांनी यावर काम केलं. तिथे जुनी रीत समान वाट्याची: प्रत्येक शेतातला सारखा हिस्सा प्रत्येक फेरीत. ही न्याय्य दिसते, पण शेताशेतातला पक्वतेचा फरक फुकट जातो. आपल्याकडे लागणीच्या नोंदीची तारीख हा क्रम, म्हणजे जो आधी तयार तो आधी. समजायला सोपा, भांडणं कमी. तोडणी मजुरांच्या टोळ्यांची जागा मात्र त्यात नसते. एक टोळी दहा किलोमीटरवरच्या पुढच्या नोंदीकडे हलवायची तर खोप्यांसह हलवावी लागते, दिवस जातो. म्हणून प्रत्यक्षात गटवार तोड होते आणि नोंदीचा क्रम गटाच्या आत पाळला जातो. मशीन बदलताना लागणाऱ्या सेटअपचा हा प्रश्न आहे, फक्त सेटअप माणसांच्या बिऱ्हाडाचा आहे.

आणि एक गोष्ट, जी वरच्या कोणत्याही मॉडेलमध्ये नाही: काम स्वतः नियमाचा फायदा घेतं. जळीत ऊस लवकर खराब होतो म्हणून त्याला आधी तोड, हा नियम तांत्रिकदृष्ट्या बरोबर. पण नंबर लागत नसला की ऊस पेटवून नंबर लावला जातो. मग जळीत उसाच्या दरात कपात आली. कपात कमी ठेवली तर जळीत वाढतं, जास्त ठेवली तर खरोखर शॉर्टसर्किटने जळलेला शेतकरी मरतो.

सॉल्व्हरभक्त

उतारा साडेअकरा यांचा प्रतिसाद वेगळा लेख व्हावा. बाकी कोणाला स्वतःचा प्रश्न सोडवून बघायचा असेल तर गूगलचा सीपी-सॅट मोफत आहे. क्रम असा ठेवा.

वेळेचं एकक ठरवा. सॉल्व्हर पूर्णांकच घेतो. सेकंद घेतले तर आकडे फुगतात. ओटीला ५ मिनिटं, परीक्षेला सत्र, तोडणीला दिवस पुरतो. प्रत्येक कामासाठी सुरुवात, कालावधी, शेवट असा मध्यंतर चल (interval variable) बनवा. एका साधनावरच्या कामांना 'एकमेकांवर येऊ नये' ही तयार अट द्या. दोन-दोन कामांच्या जोड्या करून 'हे आधी किंवा ते आधी' असं हाताने लिहू नका. खाटा किंवा माणसं अशी मोजता येणारी साधनं असतील तर 'एकूण वापर क्षमतेच्या आत' ही अट. काम अनेक मशीनांवर जाऊ शकत असेल तर प्रत्येक मशीनसाठी ऐच्छिक मध्यंतर आणि त्यातलं नेमकं एक खरं.

बिघडतं ते बहुधा इथे: पंधरा इच्छा १०००, १००, १० असे भार देऊन एका बेरजेत कोंबल्या जातात. मग दहा लहान इच्छा मिळून एका मोठीला खाऊन टाकतात आणि का ते कोणालाच समजत नाही. त्यापेक्षा टप्प्याटप्प्याने सोडवा: पहिलं उद्दिष्ट सोडवा, त्याचा आकडा अट म्हणून गोठवा, मग दुसरं. 'उत्तर नाही' असा निकाल आला तर अंदाजाने अटी खोडत बसू नका. प्रत्येक अटीला उल्लंघनाचा चल जोडा आणि उल्लंघनांची बेरीज कमी करा. कोणत्या अटी आपसात भांडतात ते लगेच दिसतं. साठ-सत्तर टक्के वेळा कारण माहितीतली चूक निघते, सुट्टीवरचा माणूस किंवा दोनदा नोंदलेलं काम.

गँटराव

सहमत, फक्त 'साठ-सत्तर टक्के' हा आकडा अंदाजाचा आहे असं लिहा, नाहीतर उद्या कोणीतरी तो प्रबंधात टाकेल.

सॉल्व्हरभक्त

मान्य. 'बऱ्याचदा' असं वाचावं.

उगाचच

रात्री सॉल्व्हरने सुंदर तक्ता दिला आणि सकाळी साडेआठला मशीन बंद पडलं. पुन्हा सगळं सोडवायचं?

सॉल्व्हरभक्त

नाही. पुन्हा पूर्ण सोडवलं तर उद्दिष्ट एका टक्क्याने सुधारतं आणि निम्म्या कामांची जागा बदलते. मग साहित्य एका मशीनपाशी आणि काम दुसऱ्यावर. तीन पायऱ्या आहेत. आधी क्रम तसाच ठेवून सगळं उजवीकडे सरकवा आणि किती वायदे चुकतात ते मोजा. कमी चुकत असतील तर तिथेच थांबा. नसेल भागत तर बीन आणि सहकाऱ्यांची १९९१ ची पद्धत: पुढचा एक क्षण निवडा, समजा उद्या दुपारी दोन, जिथून मूळ तक्ता पुन्हा लागू होईल, आणि फक्त मधला तुकडा सोडवा. तेही जमलं नाही तरच पूर्ण, पण उद्दिष्टात दोन दंड घाला: सुरुवात किती सरकली याचा लहान, आणि मशीन किंवा माणूस बदलला याचा मोठा. पहिले काही तास गोठवलेले ठेवा. गोठवण्याची लांबी साहित्य काढून मशीनपाशी पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढी: छापखान्यात कागद कापून यायला चार तास लागत असतील तर चार तास.

ओटी_नंबर_दोन

आमच्याकडे गोठवण्याची वेळ म्हणजे पेशंटला उपाशी ठेवल्याची वेळ. त्यानंतर क्रम बदलला तर भूलतज्ज्ञाला विचारूनच. आणि बदलाचं कारण नोंदवताना 'इतर' हा पर्याय फॉर्ममध्ये ठेवू नका. ठेवला की सगळे तोच निवडतात.